जमिनीखाली कोण कोणाशी बोलतं?

चंदीगडच्या सेक्टर 1 मधलं कॅपिटल कॉम्प्लेक्स पाहायला आलेल्यांच्या माना वर असतात. उच्च न्यायालयाचं छत्रीसारखं छप्पर, विधानभवनाच्या डोक्यावरचा कूलिंग टॉवरच्या घाटाचा मनोरा, 254 मीटर लांब पसरलेलं सचिवालय आणि वाऱ्याबरोबर फिरणारा 26 मीटर उंचीचा ‘उघडा हात’. पण थोडा वेळ खाली पाहा. एवढ्या मोठ्या सरकारी आवारात गाड्यांची वर्दळ नजरेला टोचत नाही, याचं कारण तिथे सापडेल. वास्तुकार ल कॉर्बुझिएनं वाहनांचे रस्ते जमिनीत खोदून खाली नेले आणि निघालेल्या मातीच्या आवारातच टेकड्या रचल्या. वर चालणाऱ्याला आभाळ, काँक्रीट आणि मागची शिवालिकची रांग दिसावी, बाकी धावपळ खाली चालावी, असा हिशेब. उघड्या हाताच्या पायथ्याशीही त्यानं एक खोलगट चौक खणला, लोकांनी खाली उतरून बसावं आणि चर्चा करावी म्हणून.

2016 साली युनेस्कोनं कॉर्बुझिएच्या सात देशांतल्या सतरा कामांना जागतिक वारसा ठरवलं, त्यांत हे आवार आलं. तेव्हापासून चंदीगडमध्ये मेट्रोची चर्चा निघाली की गाडी एकाच मुद्द्यावर अडते. जुन्या सेक्टरांतून खांबांवरची मेट्रो नेली तर शहराचा चेहराच बदलेल, म्हणून वारसा जपणाऱ्या समितीचा आग्रह असा की या भागात मेट्रो जमिनीखालूनच जावी. मेट्रो अजून कागदावरच आहे, पण तर्क कॉर्बुझिएचाच: वरचं देखणेपण राखायचं तर धावपळ खाली ढकला.

तक्रार त्या तर्काबद्दल नाही. प्रश्न एवढाच, की खाली ढकललेल्या त्या जगात आग लागली आणि बंबावरचा जवान खाली उतरला, तर तो वरच्याशी बोलणार कसा?

हा प्रश्न मुंबईत आज प्रत्यक्ष उभा आहे. चंदीगडसारखीच अडचण दक्षिण मुंबईत होती. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस 2004 पासून जागतिक वारसा, फोर्ट आणि मरीन ड्राइव्हकडच्या व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको इमारती 2018 पासून. तिथे खांब उभे करण्याची सोय नव्हती आणि जागाही नव्हती. मेट्रो 3 जमिनीखालून गेली: 33.5 किलोमीटर, 27 स्थानकं, त्यांतलं फक्त आरे जमिनीवर. ऑक्टोबर 2024 मध्ये आरे ते बीकेसी टप्पा सुरू झाला आणि ऑक्टोबर 2025 मध्ये गाडी कफ परेडपर्यंत पोचली. तिच्या स्थानकांत हुतात्मा चौक आहे, चर्चगेट आहे आणि ‘विधान भवन’ही आहे. चंदीगडमध्ये जे व्हायचंय ते मुंबईत होऊन गेलंय.

मेट्रो 3 सुरू झाल्यावर प्रवाशांची सगळ्यात मोठी ओरड होती ती मोबाइलला रेंज नसल्याची. कोणाचं तिकीट काढायचं राहिलं, कोणाला ‘पोचले’ एवढा निरोप देता आला नाही. वैतागच तो, पण त्यातून एक गोष्ट लाखो लोकांना एकदम कळली: जमिनीखाली रेडिओ आपोआप चालत नाही. तो चालवावा लागतो.

का चालत नाही? रेडिओ लहरीच्या दृष्टीनं ओली जमीन म्हणजे पातळ मिठाचं पाणी. त्यातून थोडी वीज वाहते. लहर आत शिरली की जमिनीत बारीक प्रवाह उठवते, आणि लहरीची ताकद त्या प्रवाहांच्या उष्णतेत विरून जाते. आपल्याकडे पोलिसांच्या आणि अग्निशमन दलांच्या हातातले बहुतेक जुने संच व्हीएचएफ पट्ट्यात, दीडशे मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात. ओलसर मातीत अशा लहरीचा जोर एक-दोन मीटरमध्येच सुमारे एक तृतीयांशावर येतो, पुढच्या एक-दोन मीटरमध्ये त्याच्याही एक तृतीयांशावर. वीस मीटर खाली पोचेपर्यंत उरतं ते न मोजलेलंच बरं. त्यात स्थानकाच्या भिंतीतल्या लोखंडी सळ्यांची जाळी.

म्हणजे जमिनीतून आरपार जाण्याचा मार्ग बंद. मग लहर खाली उतरते कशी? तुमच्याआमच्यासारखीच, जिन्यानं. प्रवेशद्वारातून आत येते, सरकत्या जिन्याच्या भोकातून उतरते, आणि दर वळणावर दमते. फलाटावर पोचते ती कुजबूज.

बोगद्यात जरा निराळा खेळ असतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर भातणच्या बोगद्यात शिरताना गाडीतला रेडिओ लावून पाहा. मध्यम लहरींवरचं आकाशवाणी केंद्र तोंडाशीच गप्प होतं, एफएम आणखी थोडं आत येतं. बोगदा ही लहरींसाठी नळीच असते, पण नळीच्या रुंदीला न मावणारी लांब लहर त्यात शिरतच नाही. मेट्रोच्या साधारण पावणेसहा मीटर व्यासाच्या बोगद्याचं गणित मांडलं तर ही सीमा तीसेक मेगाहर्ट्झवर येते. त्याच्या वरच्या लहरी शिरतात, आणि जितक्या आखूड तितक्या सरळ बोगद्यात दूर जातात. पण वळण आलं की त्याच आखूड लहरी भिंतीवर आपटून संपतात. मध्ये आठ डब्यांची गाडी उभी असेल तर ती बाटलीतल्या बुचासारखी बसते. आणि आणीबाणीत मध्ये गाडी उभी असणारच.

यावरचा इलाज इतका साधा आहे की शेतकऱ्याला तो चित्राशिवाय कळेल. ठिबकची नळी आठवा. पाणी नळीतून जातं, पण ठरावीक अंतरावरच्या छिद्रांतून प्रत्येक झाडाच्या बुडाशी थोडं थोडं गळतं. बोगद्याच्या भिंतीवर अशीच एक जाड केबल टांगलेली असते. एरवी टीव्हीच्या केबलमध्ये बाहेरचं धातूचं वेष्टण अखंड असतं, आतला संदेश बाहेर सांडू नये म्हणून. इथे त्या वेष्टणाला मुद्दाम चिरा दिलेल्या असतात. संदेश केबलमधून धावतो आणि वाटभर गळत जातो. तंत्रज्ञ तिला ‘लीकी केबल’ म्हणतात, म्हणजे गळकी. गळणं हा एरवी दोष, इथे तेच तिचं काम.

मात्र ठिबकची उपमा एका जागी तुटते. ही नळी पाणी परत ओढूनही घेते: जवानाच्या हातातल्या संचाची लहर त्याच चिरांतून केबलमध्ये शिरते आणि स्थानकातल्या खोलीत पोचते. ठिबकच्या टोकाकडे दाब कमी होतो तसा इथेही संदेश लांब गेला की मंदावतो, म्हणून मध्ये मध्ये दोन्ही दिशांनी चालणारे ॲम्प्लिफायर बसवतात. त्यांना वीज लागते, ती तुटली तरी चालावेत म्हणून बॅटऱ्या. केबलचं आवरण पेटून विषारी धूर करणारं नको. आणि केबलला दोन्ही टोकांकडून संदेश द्यायचा, म्हणजे आगीनं मध्ये कुठे तुकडा पाडला तरी दोन्ही अर्धे जिवंत राहतात. शेवटची गोष्ट नकाशावर रेघ ओढण्याइतकी सोपी आहे, पण ती ओढायची नकाशा काढतानाच. भिंती पूर्ण झाल्यावर नव्हे.

विज्ञान इथवरच. पुढची कथा माणसांची आहे, आणि तीत लंडन टाळता येत नाही.

18 नोव्हेंबर 1987 च्या संध्याकाळी किंग्ज क्रॉस स्थानकात लाकडी सरकत्या जिन्याखाली आग लागली. जळती काडी फटीतून खाली पडली असावी, असा चौकशीचा निष्कर्ष. आग दिसल्यावर अग्निशमन दलाला बोलावायचं होतं, पण तिथल्या पोलिसाचा रेडिओ जमिनीखाली चालत नव्हता. तो निरोप द्यायला वर रस्त्यावर गेला. कासवगतीनं चाललेली ती आग मग एकाएकी उसळली आणि तिकीटघराचा हॉल ज्वाळांनी भरला. 31 माणसं गेली, त्यांत पहिल्या बंबाबरोबर आलेले अधिकारी कॉलिन टाउन्सलीही होते. फेनेल चौकशीचा जाड अहवाल आला. लाकडी जिने गेले, धूम्रपानावरची बंदी कडक झाली, आणि जमिनीखालच्या रेडिओचाही मुद्दा नोंदला गेला.

7 जुलै 2005. सकाळी 8:50 च्या सुमारास तीन भुयारी गाड्यांत स्फोट झाले, तासाभरानं एका बसमध्ये. 52 प्रवाशांचा बळी गेला. मधल्या अठरा वर्षांत रेल्वेच्या पोलिसांचा रेडिओ बोगद्यात चालू लागला होता. अग्निशमन दलाचा आणि रुग्णवाहिकांचा चालत नव्हता. जवानांनी काय केलं? माणसं पळवली. खालचा निरोप घेऊन एक जण जिने चढून वर जायचा, उत्तर घेऊन परत उतरायचा. लंडन असेंब्लीच्या समितीनं पुढच्या वर्षी यावर तडाखेबंद शब्दांत लिहिलं. शिवकाळात जासूद धावायचे, तशी एकविसाव्या शतकातल्या लंडनमध्ये माणसं धावली. सगळ्या आपत्कालीन दलांचा संपर्क त्या भुयारांत पोचायला आणखी तीन-चार वर्षं लागली.

या गोष्टीत मला खुपतं ते हे, की 2005 मध्ये बोगदा मुका नव्हता. केबल होती, तिच्यातून बोलणंही चालू होतं, फक्त ते एकाच दलाचं होतं. बाकीच्यांचे संच त्याच केबलखाली उभे राहून बहिरे होते. अडचण मातीची नव्हती, मालकीची होती.

आपल्याकडेही नेमकी हीच फट आहे. भारतातल्या मेट्रो बहुतेक ‘टेट्रा’ नावाच्या डिजिटल रेडिओवर चालतात. 1995 च्या सुमारास युरोपात ठरलेलं हे मानक आहे. एकाच अरुंद पट्टीवर चार जण बोलू शकतात, बटण दाबल्यावर अर्ध्या सेकंदाच्या आत जोडणी होते, एक लाल बटण दाबलं की बाकी सगळ्यांचं बोलणं बाजूला सारून तुमचा आवाज पुढे जातो. गाडीचालक, स्थानक नियंत्रक, नियंत्रण कक्ष, सगळे त्यावर. व्यवस्था उत्तम आहे, पण ती मेट्रोची. वर्दी मिळाल्यावर दारात येऊन थांबलेल्या बंबावरच्या जवानाच्या हातातला साधा व्हीएचएफ संच या घरचा नाही.

मग तीन वाटा उरतात. एक, मेट्रोनं आपले संच जवानांना उसने द्यायचे. कागदावर हे छान दिसतं. प्रत्यक्षात तोंडावर श्वसनसंचाचा मास्क, हातात जाड मोजे, डोळ्यांपुढे धूर, आणि बोटांना सवय आपल्या संचाच्या बटणांची. त्या क्षणी कोणाच्या हातात परका संच देणं म्हणजे लढाईच्या तोंडावर घोडा बदलणं. दोन, नियंत्रण कक्षात एक जोडयंत्र ठेवून दोन्ही रेडिओंचे आवाज एकमेकांत मिसळायचे. हे चालतं, पण खाली व्हीएचएफ लहर पोचतच नसेल तर मिसळायला आवाजच येत नाही. तीन, अग्निशमन दलाचा आणि पोलिसांचा स्वतःचा चॅनेलच त्या गळक्या केबलमध्ये सोडायचा. माझ्या मते खरी वाट हीच. एकाच केबलमधून अनेक पट्ट्यांचे संदेश निवांत जाऊ शकतात, फक्त स्थानकाच्या खोलीत त्यांना एकत्र करणारी एक पेटी लागते. बांधकामात तिची जागा राखली तर खर्च किरकोळ. प्रकल्प पुरा झाल्यावर ती घुसवायची म्हटलं तर परवानग्या, निविदा आणि ‘ही कोणाच्या बजेटमधली’ हा वाद.

पेटी बसवली म्हणजे झालं असंही नाही. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या तळघरात 1993 मध्ये स्फोट झाला, तेव्हा उंच मनोऱ्यांत जवानांचे रेडिओ चालले नव्हते. म्हणून तिथे संदेशाचा जोर वाढवून तो पुढे पाठवणारा खास रिपीटर बसवला. 11 सप्टेंबर 2001 ला तो रिपीटर चांगला होता. पण उत्तरेकडच्या मनोऱ्यातल्या त्याच्या पटावरचं एक बटण दाबलंच गेलं नाही. अधिकाऱ्यांनी चाचणी घेतली, आवाज आला नाही, यंत्र बंद पडलंय असं समजून त्यांनी त्याचा नाद सोडला. आठ वर्षांची तयारी होती, आणि एक बटण राहिलं.

मुंबईला छोट्या प्रमाणात चटका बसून झालाय. 15 नोव्हेंबर 2024 ला, मेट्रो 3 सुरू होऊन दीड महिनाही उलटला नव्हता, तोच बीकेसी स्थानकाच्या ए-4 दाराकडे, जमिनीखाली चाळीस-पन्नास फुटांवर आग लागली. धूर वर आला, गाड्या काही वेळ थांबल्या, कोणाला इजा झाली नाही. त्याआधी ऑक्टोबरात पुण्यात मंडई स्थानकात रात्री वेल्डिंगच्या ठिणग्यांनी फोमचं सामान पेटलं होतं. 26 मे 2025 च्या पावसात आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरलं. तीनही प्रसंग थोडक्यात निभावले. जमिनीखाली आग आणि पाणी येतं, हे आता आपल्याला पुस्तकातून शिकायचं उरलेलं नाही.

केबलच नसलेल्या जागी मात्र प्रश्न मुळापासून बदलतो, आणि तिथे सिलक्यारा आठवतं. 12 नोव्हेंबर 2023, दिवाळीची पहाट. उत्तराखंडात उत्तरकाशीजवळ बांधकाम चालू असलेल्या सिलक्यारा बोगद्याचा एक भाग कोसळला आणि 41 कामगार साठेक मीटर ढिगाऱ्यापलीकडे अडकले. ढिगाऱ्यातून व्हीएचएफवर भरवशानं बोलता येत नाही, पण तिथे एक चार इंची पाइप आरपार उरला होता. सुरुवातीला वॉकीटॉकीवर आवाज मिळाला, आणि मग त्या पाइपातूनच हवा, फुटाणे, औषधं आणि बोलणं चाललं. आठव्या-नवव्या दिवशी सहा इंची पाइप आत घातला गेला, त्यातून कॅमेरा गेला आणि देशानं त्या चेहऱ्यांना पहिल्यांदा पाहिलं. बीएसएनएलनं तारेवरचा साधा फोन जोडला. घरच्यांशी बोलणं झालं, डॉक्टर बोलले, मनाचे डॉक्टरही बोलले. सतराव्या दिवशी, ड्रिलिंगची अवजड यंत्रं हरल्यावर हातानं खोदणाऱ्या ‘रॅट होल’ कामगारांनी शेवटचं अंतर पार केलं.

सगळ्यात जुनं साधन तिथे कामी आलं: नळी आणि तार. कोळसा खाणीत पाइपावर ठोके देऊन बोलणारे खाणकामगार हेच करत आले आहेत. तारेचा तोटा एवढाच, की ती आधीपासून तिथे असावी लागते किंवा कोणीतरी ती नेऊन पोचवावी लागते.

जमिनीतूनच बोलता आलं तर? येतं, पण अगदी हळू हेलकावणाऱ्या, म्हणजे कमी वारंवारतेच्या लहरींवर. 87 किलोहर्ट्झच्या लहरीचा जोर ओल्या जमिनीत पंधरा-सतरा मीटरवर एक तृतीयांशावर येतो, तीन किलोहर्ट्झच्या लहरीचा नव्वदेक मीटरवर. ब्रिटनच्या गुहा-बचाव पथकांकडे 87 किलोहर्ट्झवर चालणारा ‘हेफोन’ असतो. ॲन्टेना म्हणून खडकात रोवलेल्या दोन खुंट्या आणि लांब तार. 2018 मध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेत बारा मुलं आणि त्यांचे प्रशिक्षक अडकले तेव्हा हे संच तिकडे पाठवले होते. पण लहर जितकी हळू तितकं तिच्यात थोडं बोलणं मावतं. खोल गेलं की आवाज जाऊन फक्त टंकलेले शब्द उरतात. शिवाय ही यंत्रं उभारायला वेळ लागतो. गर्दीच्या स्थानकात धूर भरत असताना खुंट्या रोवत बसायला सवड नसते.

आता पुन्हा कॅपिटल कॉम्प्लेक्समध्ये या. विधानभवनाची इमारत एक, विधानसभा दोन: पंजाबची आणि हरियाणाची. सचिवालयही दोघांत वाटलेलं, उच्च न्यायालय दोन्ही राज्यांचं आणि चंदीगडचंही. जमीन केंद्रशासित प्रदेशाची. पंजाब पोलिस, हरियाणा पोलिस, चंदीगड पोलिस, आणि सचिवालयाच्या दारांवर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल (सीआयएसएफ). 31 ऑगस्ट 1995 ला याच सचिवालयाच्या दारात पंजाबचे मुख्यमंत्री बेअंत सिंग यांची बॉम्बस्फोटात हत्या झाली. त्यामुळे इथल्या पहाऱ्यात ढिलाई नाही, पण प्रत्येक दलाचा वायरलेस आपापला. उघड्यावर हे खपून जातं. एकाचा संच दुसऱ्याशी बोलला नाही तरी हाक मारता येते, हात करता येतो, पलीकडे माणूस दिसतो.

उद्या या आवाराशेजारी खरंच भुयारी स्थानक झालं, तर त्यात कुठेतरी एक कपाटाएवढी रेडिओची खोली असेल. तिच्यात मेट्रोची टेट्रा येईलच, कारण तिच्याशिवाय गाडी धावणार नाही. त्या पेटीच्या मागे इतरांच्या केबली लावायला आणखी किती भोकं ठेवायची, हे स्थानकाचा आराखडा काढणारा अभियंता ठरवेल. तीन पोलिस दलं, सीआयएसएफ, अग्निशमन दल, रुग्णवाहिका: सहा तरी हवीत. आणि खोलीच्या दाराची किल्ली रात्री दोन वाजता कोणाच्या कमरेला असेल, हेही त्याच बैठकीत विचारून घ्यायला हवं.